ओल्या शाईची नावं

शूटिंगवाल्याच्या घरात दोन बायका होत्या. म्हणजे लग्नाची एकच. दुसरी त्याची थोरली बहीण. बायकोला अख्खी गल्ली वहिनी म्हणायची आणि बहिणीला ताई. ताईची या शहरातल्या कचेरीत बदली झाली तेव्हा "खोली मिळेपर्यंत चार दिवस" म्हणून ती एक बॅग घेऊन आली होती. ते चार दिवस काही केल्या संपेनात. बॅगेमागून कपाट आलं, कपाटामागून आरामखुर्ची आली, आणि एके दिवशी वहिनी बाजारातून परतली तर मागच्या खोलीतलं तिचं कामाचं टेबल बाहेर बोळात उभं होतं. एका अंगाला फ्रिज, दुसऱ्या अंगाला चपलांचं कपाट.

"तिथं उजेड चांगला येतो," ताई म्हणाली.

उजेड कसला, स्वयंपाकघरात जाणारा-येणारा प्रत्येक माणूस त्या टेबलाला कंबर घासून जायचा. वहिनी नवऱ्याकडे बघत राहिली. तो कॅमेऱ्याची भिंगं पुसत होता. ती पुसायची त्याला गरज पडली की वहिनी ओळखायची, आता हा माणूस काही बोलणार नाही.

तसं पाहिलं तर धंदा दोघांचा होता. तो शाळांचे कार्यक्रम, लग्नं, निरोप-समारंभ चित्रित करायचा. बाकी सगळं वहिनी करायची. नको ते कापायचं, हवं ते जोडायचं, सीड्यांवर कॉप्या काढायच्या आणि प्रत्येक सीडीवर मार्करनं नाव लिहायचं. तिचं अक्षर बघण्यासारखं होतं. गिऱ्हाइकं तसं म्हणायचीसुद्धा. नवरा मात्र कधी म्हणाला नव्हता, पण सीडी हातात घेऊन तो एक क्षण नावाकडे बघायचा आणि मग पिशवीत टाकायचा. एवढ्यावर वहिनीनं बरीच वर्षं काढली होती.

त्या वर्षी शाळेच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, स्वतः घरी आल्या. वार्षिक कार्यक्रमाचं चित्रण झालं होतं, मुलागणिक एक सीडी द्यायची होती. बाईंनी नमुन्याची सीडी हातात घेतली, उलटसुलट केली आणि म्हणाल्या, "गेल्या वर्षी दोन-तीन नावं चुकली होती. एका मुलीची आई तर माझ्याशी भांडायलाच आली. आणि हल्ली दुसऱ्या शाळांत छापलेल्या सीड्या देतात हो. मुलाचा फोटो, नाव, शाळेचं चिन्ह, सगळं रंगीत."

वहिनी सांगणार होती की चुकलेली नावं शाळेनंच तशी लिहून पाठवली होती. पण तिच्या आधी ताईचं तोंड उघडलं. रविवार होता, त्यामुळे ताई घरी होती, आणि घरी असली की ती पाहुण्यांत बसायची.

"हातानं लिहिलं की असंच होणार, बाई," ताई म्हणाली. "मी कधीची सांगतेय यांना. औषधाच्या बाटलीवर चिठ्ठी लावल्यासारखं दिसतं ते. तुम्ही काळजी करू नका. आम्ही छापून देऊ. घरीच छापू."

त्या 'आम्ही'नं वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दीड वर्षात या बाईनं एका रिकाम्या सीडीला बोट लावलं नव्हतं. कानामागून आली आणि तिखट झाली ती ही.

मोठ्या बाई गेल्यावर वहिनी म्हणाली, "वन्सं, घरी छापायचं म्हणजे प्रिंटर लागतो. तो काय झाडाला लागतो?"

"दुकानात मिळतो," ताई म्हणाली. "उद्या संध्याकाळी जाऊ. मी कचेरीत चौकशी करून येते. तुला त्यातलं काही कळायचं नाही."

"अहो, तुम्ही काय म्हणता?" वहिनीनं नवऱ्याला विचारलं.

शूटिंगवाल्यानं भिंगं पुसायला घेतली. "बघू या की," तो म्हणाला. "बघायला काय हरकत आहे?"

दुसऱ्या दिवशी तिघं दुकानात गेली. दुकानदार चष्मा कपाळावर चढवून बोलणारा, सावकाश माणूस होता. त्यानं त्यांचं काम काय, वर्षाला साधारण किती सीड्या लागतात, कुठं ठेवणार, सगळं विचारून घेतलं आणि मग काउंटरवर वेगवेगळ्या सीड्या मांडल्या. एकीवर गोल कागदी स्टिकर होता. तो कुठल्याही साध्या प्रिंटरवर छापता येत होता आणि दाबून चिकटवायला एक छोटं प्लॅस्टिकचं साधन मिळत होतं. दुसरी सीडी वरून दुधासारखी पांढरी होती आणि चित्र थेट तिच्यावरच छापलेलं होतं. त्यासाठी सीडी आत सरकवायचा ट्रे असलेला खास प्रिंटर लागायचा, आणि सीड्याही पांढऱ्याच घ्याव्या लागायच्या. तिसरीवर नुसती काळी अक्षरं होती, पण नखानं खरवडली तरी हलत नव्हती. ते यंत्र फोटो छापत नाही म्हटल्यावर ते बाजूलाच पडलं. उरले दोन.

"स्टिकर," ताई म्हणाली. ती ठरवूनच आली होती. "आमच्या कचेरीत सगळ्यांवर स्टिकरच लावतात. स्वस्त आणि मस्त. यात बघायचंय काय?"

वहिनीला आदल्या वर्षीचं एक गिऱ्हाईक आठवलं. त्यानं बाहेरून स्टिकर लावून घेतला होता, गाडीत सीडी घातली, उन्हानं कडा सुटली आणि सीडी आत अशी अडकली की मेकॅनिककडे जायची वेळ आली. तिनं ते सांगितलं. दुकानदारानं मान हलवली. होतं असं, म्हणाला, नीट मधोमध बसला नाही तर सीडी थरथरतेही.

"एखाद्याच्या हाताला वळण नसतं," ताई म्हणाली. "नीट चिकटवता आलं पाहिजे."

"मग चिकटवायला तुम्ही बसा, वन्सं. दोनशे सीड्या, एकेक मधोमध. कचेरीतून आल्यावर."

"मी कशाला बसू? तुझं काम आहे ते."

"माझं काम आहे ना? मग माझ्या कामाचं यंत्र मी निवडते. हा ट्रेवाला द्या हो."

दुकानदारानं तिऱ्हाइतासारखं शूटिंगवाल्याकडे बघितलं. शूटिंगवाला शेजारच्या काउंटरवर कॅमेरा ठेवायच्या एका तिकाटण्याचे पाय उघडमीट करण्यात गुंग होता. "अरे, तुझी बायको काय म्हणतेय बघ!" ताईनं हाक मारली. "अहो, तुमची बहीण काय म्हणतेय बघा!" वहिनीनंही मारली. तो वळून म्हणाला, "जे टिकेल ते घ्या." आणि पुन्हा तिकाटण्याकडे वळला.

टिकण्याच्या शब्दावर वहिनीची सरशी झाली. ताईचा चेहरा आंबट झाला. तेवढ्यात तिचा फोन वाजला आणि ती बोलत बोलत दुकानाबाहेर गेली.

दुकानदारानं खोकं बांधता बांधता वहिनीला दोन गोष्टी सांगितल्या. "एक लक्षात ठेवा. ही शाई पाण्याची असते. छापल्यावर हाताला कोरडी लागते, पण आतून ओली असते. आज छापलं तर दिवसभर मोकळ्यावर सुकू द्या, एकीवर एक ठेवू नका, आणि उद्या पाकिटात घाला. प्लॅस्टिकच्या पाकिटात लगेच घातलं की सगळं पुसलंच म्हणून समजा. आणि ओल्या हातानं धरू नका."

"बरं झालं सांगितलंत," वहिनी म्हणाली. ती खुशीत होती. किती तरी दिवसांनी त्या घरात तिच्या मनासारखं काही झालं होतं.

ती खुशी घराच्या उंबऱ्यापर्यंतच टिकली. खोकं आत आल्या आल्या ताईनं ते शूटिंगवाल्याकडून मागच्या खोलीत नेववलं. तिच्या कपाटाजवळ, तिच्या कॉम्प्युटरशेजारी.

"तिकडे कशाला?" वहिनीनं विचारलं. "कॉप्या बोळात निघतात. प्रिंटर तिथंच हवा."

"बोळात फ्रिजला टेकवून ठेवणार? आणि चित्र कोण मांडणार, फोटो कोण बसवणार? मी कचेरीत रोज हेच करते."

"वन्सं, तो प्रिंटर मी निवडलाय."

"निवडलास ना? मग झालं तर," ताई हसून म्हणाली. "निवडणारीनं निवडावं, शिजवणारीनं शिजवावं. तू पाकिटं भर."

वहिनी शूटिंगवाल्याकडे गेली. तो बाल्कनीत बॅटऱ्या चार्जिंगला लावत होता. "ताईला हौस आहे तर करू दे ना," तो म्हणाला. "तुलाही आराम."

आराम! वहिनीला वाटलं, ही बॅटरी उचलून याच्या डोक्यात घालावी. तिनं घातली नाही. ती बोळात येऊन टेबलाशी बसली, मार्करांचा डबा उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. तिला आराम म्हणून जे काम काढून घेतलं जात होतं ते सोडून तिच्याकडे आता उरलं काय होतं? कॉप्या यंत्र काढायचं. नावं ताई छापणार. पाकिटं तर कुणीही भरतं.

शनिवारी छपाई सुरू झाली. ताईनं सुट्टी काढली होती. पहिली सीडी ट्रेमधून बाहेर आली तेव्हा तिनं ती दोन बोटांत धरून बोळात आणली, अगदी पारितोषिक मिळाल्यासारखी. एका मुलाचा हसरा फोटो, खाली ठसठशीत नाव, वर शाळेचं चिन्ह. सुरेख दिसत होती. ती सुरेख दिसत होती याचाच वहिनीला जास्त राग आला.

"बघ," ताई म्हणाली. "याला म्हणतात काम." तिनं नावावरून हळूच बोट फिरवलं, बोट उजेडात धरून बघितलं. "हाताला काही लागत नाही." आणि मग, खोलीकडे वळता वळता, सहज म्हणून विचारलं, "दुकानदार आणखी काही बोलला का गं? मी फोनवर होते तेव्हा?"

वहिनी त्या वेळी पाकिटांचा गठ्ठा सोडत होती. उत्तर तिच्या जिभेवर तयार होतं. दिवसभर सुकू द्या, उद्या पाकिटात घाला. एवढं बोलायला श्वाससुद्धा लागला नसता.

"नाही," ती म्हणाली. "खोकं बांधून दिलं, बस."

असं म्हणेपर्यंत आपण असं म्हणणार आहोत हे तिलाही माहीत नव्हतं. पण म्हटल्यावर तिला बरं वाटलं. उन्हातून आल्यावर गार पाण्यात पाय घालावेत तसं.

मग सीड्या येत गेल्या आणि वहिनी भरत गेली. हे सांगायला हवं, कारण नुसतं गप्प राहणं वेगळं आणि स्वतःच्या हातानं करणं वेगळं. यंत्रातून आलेली एकेक सीडी तिनं स्वतः प्लॅस्टिकच्या पाकिटात सरकवली, वरची पट्टी दुमडली, खोक्यात दाबून बसवली. मधेच गेल्या वर्षी नाव चुकलेल्या त्या मुलीची सीडी आली. या वेळी नाव बरोबर होतं. दोन वेण्या घातलेली, दात पडलेली पोर. वहिनीचा हात थांबला. एवढी एक तरी बाजूला ठेवावी, असं तिला वाटलं. पण आतून ताईचा आवाज आला, "झोपलीस काय? इथं ढीग झालाय!" आणि वहिनीनं तीही पाकिटात सरकवली.

सोमवारी सकाळी शूटिंगवाला खोकी घेऊन शाळेत गेला. ताई त्याच्याबरोबर गेली; कौतुक होणार होतं, ते घ्यायला कुणी तरी हवं होतं. वहिनी घरीच राहिली. तिनं फरशी पुसली, पडदे धुवायला टाकले, नळ चालू ठेवून विसरली. काय होणार हे माहीत असून वाट बघत बसणं किती कठीण असतं ते तिला त्या सकाळी कळलं.

दोघं परत आली ती खोक्यांसकट. शूटिंगवाल्यानं खोकं दारातच आपटलं. ताईची बोटं निळी-जांभळी झाली होती आणि ओढणीवरही एक डाग होता. सगळ्या पालकांना बोलावून सीड्या वाटल्या होत्या म्हणे. पाकिटातून सीडी काढली की फोटो प्लॅस्टिकला चिकटलेला आणि सीडीवर नुसते रंगाचे ओघळ. एका बापानं सीडी मोठ्या बाईंच्या नाकासमोर धरून विचारलं, "हा माझा मुलगा आहे की भूत?" बाकीचे हसले. मोठ्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी सगळ्या सीड्या गोळा करून खोक्यात भरायला लावल्या आणि गडीमाणसाकरवी गाडीपर्यंत पोचत्या केल्या.

"घे तुझा प्रिंटर!" ताई वहिनीवर ओरडली. "टिकेल म्हणत होतीस ना? हे टिकलं! कुणाची निवड? सांग याला, कुणाची निवड?"

"छापलं कुणी?" वहिनी म्हणाली. तिचा आवाज तिला वाटला त्यापेक्षा बारीक निघाला.

"थांब, त्या दुकानदारालाच घेते फैलावर." ताईनं खोलीत जाऊन दार लोटलं. दारातून तिचा चढा आवाज बाहेर येत होता: फसवलंत, गळ्यात मारलंत, परत घेऊन जा. आणि मग एकाएकी तो आवाज खाली आला. मग नुसतं "हं". मग बराच वेळ काहीच नाही.

ताई बाहेर आली. बेसिनशी जाऊन तिनं साबणानं हात धुतले, पुन्हा धुतले. निळं पाणी वाहत राहिलं. मग टॉवेलला हात पुसत तिनं वहिनीकडे बघितलं. ओरडत असती तर वहिनीला काही वाटलं नसतं.

"काय म्हणाला?" शूटिंगवाल्यानं विचारलं.

"माझी चूक झाली," ताई म्हणाली. "सुकू द्यायचं असतं. दिवसभर. मला ठाऊक नव्हतं." आणि तिनं तिथंच उभं राहून मोठ्या बाईंना फोन लावला, माफी मागितली, पलीकडून जे काय आलं ते मान खाली घालून ऐकलं आणि पुन्हा छापून देते म्हणून कबूल केलं.

वहिनी भिंतीला टेकून उभी होती. तिला वाटलं होतं भांडण होईल, रडारड होईल, ताई बॅग भरेल. हे असं होईल असं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

शूटिंगवाला नव्या पांढऱ्या सीड्या आणायला बाहेर पडला, तशी ताई स्वयंपाकघराच्या दारात आली.

"त्यानं तुला सांगितलं होतं," ती म्हणाली.

वहिनी ओटा पुसायला लागली.

"मी विचारलं, तेव्हा तू नाही म्हणालीस."

"जा, सांगा तुमच्या भावाला," वहिनी म्हणाली. "वाट कसली बघता?"

"सांगून काय होईल?" ताईनं टॉवेलची नीट घडी घातली. "तो दोन दिवस तोंड पाडून बसेल, तू रडशील, तिसऱ्या दिवशी दोघं शेजारी बसून जेवाल. नवरा-बायकोचं भांडण ते. कुचकी ठरेन मी. त्यापेक्षा राहू दे माझ्यापाशी. लागेल तेव्हा काढीन."

आणि ती काढायला लागली.

सीड्या पुन्हा छापल्या गेल्या. या वेळी घरभर वर्तमानपत्रं अंथरून त्या सुकायला ठेवल्या. पलंगावर, खुर्च्यांवर, टीव्हीवर, चपलांच्या कपाटावर, जिथं बघावं तिथं शाळेतली पोरं हसत होती आणि मोठी माणसं पाय उचलून उचलून चालत होती. ताईनं वहिनीला एकेक सीडी तपासायला लावली. "काही सांगायचं राहिलं तर नाही ना गं?" ती मधूनच विचारायची. सकाळी चहा दिला की म्हणायची, "हा लगेच प्यायचा, की सुकू द्यायचा?" शूटिंगवाला कप तोंडाला लावून बसलेला असायचा. त्याला काही कळत नसेल, असं वहिनीला वाटायचं. ताईला दुपारी झोप हवी असली की बोळातलं कॉप्यांचं यंत्र बंद व्हायचं. ताईच्या मैत्रिणी आल्या की वहिनीच्या टेबलावर त्यांच्या पर्सा पडायच्या. पूर्वी वहिनीनं एकाचे दोन सुनावले असते. आता तोंड उघडायच्या आधी तिला ते 'नाही' आठवायचं आणि तोंड मिटायचं.

शत्रूचा मार सोसता येतो, उपकार सोसवत नाही. तिला वाटायचं, आपण या घरात ओलीस राहतोय.

असे बरेच दिवस गेले. एकदा दुपारी वहिनी दळण घेऊन आली तर ताईनं बोळातलं टेबल आणखी आत सरकवून तिथं इस्त्रीचा स्टँड उभा केला होता. वहिनीनं दळणाचा डबा जागेवर ठेवला, हात झटकले आणि ठरवलं, झालं एवढं पुरे.

संध्याकाळी तिघं जेवायला बसली. वहिनीनं सगळ्यांना वाढलं, स्वतःच्या ताटाला हात लावला नाही.

"अहो," ती म्हणाली, "मला काही सांगायचंय. सीड्या फुकट गेल्या त्या वन्संच्या चुकीनं नाही. दुकानदारानं सुकवायचं मला सांगितलं होतं. वन्संनी मला विचारलं, तर मी खोटं बोलले. मुद्दाम बोलले. यांची फजिती व्हावी म्हणून. यांना हे पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

ताईचा घास हातातच राहिला. तिच्या हातचं शस्त्र कुणी तरी काढून घेतलं होतं आणि ते तिला मुळीच आवडलं नव्हतं.

शूटिंगवाला जेवत राहिला. तो घोटभर पाणी प्यायला. मग ताटाकडे बघतच म्हणाला, "माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?" दोघी एकदम म्हणाल्या.

"हेच. नव्या सीड्या आणायला गेलो होतो ना, तेव्हा दुकानदार बोलला. वहिनींना स्पष्ट सांगितलं होतं म्हणाला."

पहिल्यांदा बोलली ती ताई, आणि तिचा आवाज वहिनीनं आजवर ऐकलेल्यातला नव्हता.

"म्हणजे आपण दुसऱ्यांदा सीड्या द्यायला शाळेत गेलो तेव्हा तुला माहीत होतं. त्या बाईनं सगळ्या शिक्षकांसमोर मला विचारलं, शिकलीसवरलेली दिसतेस, एवढं कसं कळलं नाही? तू माझ्या शेजारी उभा होतास. खोकं हातात घेऊन."

"तूच तर चूक कबूल केली होतीस, ताई. मला वाटलं, तुझं तू मिटवलंयस. कशाला पुन्हा उकरायचं?"

"आणि रोज सकाळी चहाच्या वेळी?" वहिनीनं विचारलं. "त्या टोमण्यांचा अर्थ तुम्हाला कळत होता?"

त्यानं पाण्याचा पेला बाहेरून पुसायला घेतला. म्हणजे कळत होता.

"मी मधे पडून काय झालं असतं?" तो अखेर म्हणाला. "इकडे आड, तिकडे विहीर. घरात शांतता राहावी म्हणून गप्प बसलो मी."

"शांतता?" वहिनी म्हणाली. "अहो, कुठं पाहिलीत ती?"

पण म्हणता म्हणताच तिला उमगलं की त्यानं खरंच पाहिली होती. या गेल्या दिवसांत ती स्वतः भांडत नव्हती, ताईचं वर्चस्व होतं म्हणून ताई खूश होती, आणि हा वेळेवर जेवून, शीळ घालत कामाला जात होता. असं सुख त्याला त्या घरात आधी कधी मिळालं नव्हतं. दोघींपैकी एक कायमची दबून राहिली की त्याचं भागत होतं. कोणती, हे त्याच्या लेखी गौण होतं.

ताई ताटावरून उठली. हात धुवून खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. वहिनीही उठली. शूटिंगवाला एकटाच बसून राहिला, आणि त्यानं जेवण संपवलं.

जी खोली दीड वर्षात मिळाली नव्हती ती ताईला त्याच आठवड्यात मिळाली. टेम्पो आला तेव्हा शूटिंगवाला खाली कपाटाला दोऱ्या बांधून देत होता; ताई त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती, तेही हमालाशी बोलावं तसं. वहिनीला तिच्या जाण्याचं दुःख झालं नाही. उगाच खोटं कशाला सांगा? तिनं सकाळीच बोळातलं टेबल रिकामं करून ठेवलं होतं, आरामखुर्ची बाहेर निघाल्याबरोबर ते आत ढकललं, आणि ताई शेवटचं काही राहिलं का बघायला वर आली तोवर कॉप्यांचं यंत्रही जागेवर बसवलं होतं.

ताईनं रिकाम्या खोलीवरून नजर फिरवली. "फार घाई झालेली दिसते."

"झालीय खरी."

"तू खोटं बोललीस ते मी विसरणार नाही."

"नका विसरू. तुमचा तो चहा मीही विसरणार नाही, वन्सं."

ताईनं पर्समधून घराची किल्ली काढून टेबलावर ठेवली. खालून शूटिंगवाल्यानं हाक मारली, टेम्पोवाला थांबायला तयार नाही म्हणून. दोघींपैकी कुणीही ओ दिली नाही.

"त्याला एवढ्या स्वस्तात सोडू नकोस," ताई म्हणाली.

"तुमच्या सांगण्यावरून मी काही करणार नाही."

"नकोच करूस." ताई दारापर्यंत गेली. तिथून मागे न बघता म्हणाली, "पिवळी शाई संपत आलीय. दिवा लागतोय."

"दिसतंय मला," वहिनी म्हणाली, आणि तिनं प्रिंटरचं झाकण उघडलं.